गांजा कशासाठी लागतो, ते आधी वहीत उतरवा

"मी काही रोज घेत नाही. फक्त झोप लागावी म्हणून घेतो. मग याला व्यसन म्हणायचं का?" गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा आहे. विचारणारा कधी आयटीत नोकरी करणारा तरुण असतो, कधी पन्नाशीतले गृहस्थ. आईवडिलांची पत्रं निराळी असतात. धुवायला टाकलेल्या जीन्सच्या खिशात हिरवट चुरा आणि चार बिया असलेली प्लास्टिकची पुडी सापडली, आता काय करू? तिसऱ्या प्रकारची पत्रं आजारी माणसांच्या घरून येतात. मावशीची केमोथेरपी चालू आहे, कुणीतरी गांजाचं तेल सुचवलंय, द्यावं का?

तिन्ही पत्रांचा शेवट बहुधा सारखाच असतो: "हे वाईट आहे का?" या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर देऊन कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. झोपेसाठी ओढणाऱ्याला जो उपाय लागू पडतो, तो मित्रांच्या घोळक्यात ओढणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. म्हणून मी आधी विचारते, कशासाठी घेता?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३.१ कोटी लोक देशात होते. त्यांतल्या सुमारे ७२ लाखांना या सवयीसाठी मदतीची गरज होती, म्हणजे साधारण चारांतल्या एकाला. तुम्ही त्या एकात आहात की उरलेल्या तिघांत, हे ठरवायला पुढची माहिती उपयोगी पडेल.

पहिलं काम: चौदा दिवसांची वही

शाळेची साधी शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने आखा.

- किती वाजता घेतलं
- त्याआधीच्या तासाभरात काय घडलं होतं
- घेताना काय हवं होतं
- दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं

एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मला त्याची वही दाखवली होती. पहिले तीन दिवस तिसऱ्या रकान्यात 'मूड', 'मूड', 'असंच'. चौथ्या दिवशी 'रूममेट गावी गेला', आणि त्या रात्री दोनदा घेतल्याची नोंद. नवव्या दिवशी बारीक अक्षरात: 'बाबांचा फोन. केटीचं विचारलं.' पानं पुन्हा चाळताना त्याचं त्यालाच दिसलं की अकरापैकी सात नोंदी घरच्या फोननंतरच्या आहेत. "मला वाटायचं मी मजेसाठी घेतो," तो म्हणाला. राहिलेल्या विषयांचं वेळापत्रक बसवणं आणि वडिलांशी एकदा समोर बसून बोलणं, हे त्याचं पुढचं काम ठरलं. गांजाचा विषय आम्ही त्यानंतर काढला.

कारण झोपेचं असेल तर

सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. गांजातला नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. सुरुवातीला त्याने झोप लवकर लागते, हे खरं आहे. पण काही आठवड्यांत शरीराला त्याची सवय होते आणि तेवढ्याच मात्रेवर भागेनासं होतं. स्वप्नांच्या झोपेचा टप्पाही त्याने दबतो. मग एखाद्या रात्री घेतलं नाही की डोळा लागत नाही, लागलाच तर विचित्र, ठळक स्वप्नं पडून जाग येते. माणूस म्हणतो, "बघा, मला त्याशिवाय झोपच येत नाही." ही झोपमोड पुष्कळदा गांजा थांबवल्यामुळे झालेली असते आणि काही आठवड्यांत ती ओसरते. मूळचा निद्रानाश आणि ही झोपमोड यांत गल्लत करू नका.

काय करता येईल?

- रात्री कितीही वाजता झोपलात तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा.
- वीस-पंचवीस मिनिटं झोप आली नाही तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात काहीतरी साधं करा आणि पेंग आल्यावरच परत या.
- दुपारनंतर चहा-कॉफी नको.
- तीन महिन्यांहून जास्त काळ हा त्रास असेल तर मनोविकारतज्ज्ञांना 'निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत' विचारा. दीर्घकाळच्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच सुचवली जाते.
- घोरणं मोठं असेल आणि दिवसा पेंग येत असेल तर श्वास अडखळण्याचा आजार आहे का, ते तपासून घ्या.

कारण धास्तीचं किंवा ताणाचं असेल तर

थोड्या मात्रेने जीव शांत झाल्यासारखा वाटतो आणि जास्त मात्रेने तोच जीव घाबराघुबरा होतो. पुडीतला माल किती तीव्र आहे हे कळायला काही मार्ग नसल्याने कोणत्या दिवशी काय वाट्याला येईल, ते सांगता येत नाही. छातीत धडधड, 'आता मी मरणार' अशी भीती, हात थंड पडणं अशा अवस्थेत अनेक जण रात्री-अपरात्री इस्पितळात येतात. तसं झालं तर त्या माणसाला एकटं सोडू नका. उजेड आणि आवाज कमी करा, कुशीवर झोपवा, घोट घोट पाणी द्या. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा भ्रम होत असतील, तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा. मित्र पोलिसांच्या भीतीने खोटं बोलतात आणि डॉक्टरांचा वेळ भलत्या तपासण्यांत जातो.

रोजच्या धास्तीसाठी सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा आहे. क्रमांक १४४१६. मराठीतून बोलता येतं, चोवीस तास.

कारण सोबतीचं असेल तर

वहीतल्या सगळ्या नोंदी एकाच गच्चीवरच्या, एकाच चौघांसोबतच्या असतील, तर तुम्हाला बहुधा गांजापेक्षा ती चौकडी हवी आहे. ही माणसं तोडा, असं मी सांगणार नाही. वसतिगृहात तीच कुटुंबासारखी असतात. त्यांना दिवसाउजेडी भेटा, टर्फवर भेटा, मिसळ खायला भेटा. नकारासाठी एकच वाक्य आधीपासून ठरवून ठेवा: "मला झेपत नाही रे, मी नाही घेत." कारणांची यादी देऊ नका, कारण प्रत्येक कारणावर कुणाकडे तरी तोड असते. गोव्याच्या सहलीत हे वाक्य जास्त लागेल. गोव्यात चालतं, ही समजूत चुकीची आहे. तिथेही अमली पदार्थांचा तोच केंद्रीय कायदा (एनडीपीएस) लागू आहे.

गांजा ओढल्यावर सुचतं, असं सांगणारे कलाकार आणि कोडिंग करणारे तरुणही भेटतात. त्यांना माझी एकच विनंती असते. ओढून केलेलं काम तारीख घालून बाजूला ठेवा आणि आठ दिवसांनी कोऱ्या डोक्याने तपासा.

कारण सणाचं, श्रद्धेचं असेल तर

महाशिवरात्रीला किंवा रंगपंचमीला घेतलेली भांग 'प्रसाद' म्हणून येते, तेव्हा तिची धास्ती वाटत नाही. धोका तिच्या संथपणात आहे. ओढलेल्या गांजाची नशा काही मिनिटांत कळते. पोटातून घेतलेली भांग चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. पाऊण तास झाला, काहीच होईना, म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. घरी ठंडाई करणार असाल तर भांगेची आणि साधी, ही दोन पातेली वेगळ्या खोल्यांत ठेवा. पाहुण्यांना न सांगता भांग पाजणं ही थट्टा अजिबात करू नका. मुलं आणि रक्तदाबाचे रुग्ण अशाच वेळी इस्पितळात पोहोचतात.

कारण आजारपणाचं असेल तर

केमोथेरपीमुळे होणारी मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा आणि लहान मुलांमधल्या अपस्माराचे काही अवघड प्रकार, इतक्या ठिकाणी कॅनाबिसपासून, म्हणजे गांजाच्या झाडापासून, बनवलेल्या किंवा त्याच्या धर्तीवर तयार केलेल्या औषधांचा उपयोग चांगला दाखवला गेला आहे. ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या अपस्मारांसाठी शुद्ध सीबीडीचं (गांजातल्याच, पण नशा न आणणाऱ्या घटकाचं) औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. जुनाट दुखण्यावर काही जणांना थोडा आराम पडतो. कर्करोग बरा होतो, हा दावा मात्र माणसांवरच्या अभ्यासांत सिद्ध झालेला नाही. त्या आशेवर चालू उपचार बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते.

आपल्याकडे भांगेच्या पानांपासून केलेली 'विजया' नावाची आयुर्वेदिक औषधं कायदेशीर परवान्याने मिळतात. घेण्याआधी:

- नोंदणीकृत वैद्यांची लेखी चिठ्ठी घ्या आणि ती सांभाळून ठेवा.
- बाटलीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि टीएचसी-सीबीडीचं प्रमाण छापलेलं आहे का, ते पाहा. नसेल तर घेऊ नका.
- चालू गोळ्यांची यादी दाखवा. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन आणि अपस्मारावरचं क्लोबाझाम यांच्याबरोबर सीबीडी घेतलं तर त्या औषधांचा परिणाम वाढू शकतो.
- कर्करोगतज्ज्ञांपासून काही लपवू नका.

दुकानात मिळणाऱ्या भांगेच्या बियांनी किंवा त्यांच्या तेलाने नशा येत नाही. अन्न म्हणून त्यांना २०२१ मध्ये परवानगी मिळाली आहे. पण दुखण्यावरचं औषध म्हणून त्या कुणी विकत असेल तर तुमची फसवणूक होते आहे.

यांनी लांबच राहावं

अठरा वर्षांखालील मुलं, आणि खरं तर पंचविशीपर्यंतचे सगळेच, कारण मेंदूची घडण तोवर चालू असते. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेले, कारण अशांमध्ये नियमित आणि तीव्र गांजामुळे भ्रम-संशयाचा आजार उफाळण्याचा धोका वाढतो. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, हृदयरोगी. आणि त्या दिवशी गाडी चालवायची असलेला कुणीही. नशेत गाडी चालवण्याचं कलम दारूइतकंच अमली पदार्थांनाही लागू आहे.

हाताबाहेर गेलं, हे कसं ओळखाल

- आज घ्यायचं नाही असं ठरवून घेतलं जातं, आणि हे वारंवार होतं.
- पूर्वीइतक्या मात्रेवर भागत नाही.
- सकाळी उठल्या उठल्या आठवण येते.
- कामावर दांड्या, उधारी, घरात लपवाछपवी सुरू झाली आहे.
- न घेतल्यास चिडचिड होते, भूक मरते, झोप उडते.

यांतल्या दोन-तीन गोष्टी वर्षभरात दिसल्या असतील तर डॉक्टरांना भेटायची वेळ झाली आहे.

आणखी एक लक्षण फारसं कुणाला माहीत नसतं. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना मध्येच उलट्यांचे झटके येतात. एका घरातल्या बाईंनी मला सांगितलं होतं की मुलगा दिवसातून सहा-सात वेळा कडकडीत पाण्याने अंघोळ करतो, गॅसचं सिलिंडर महिनाभरही पुरत नाही. पोटाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. गरम पाणी अंगावर असेपर्यंतच त्याला बरं वाटायचं. हीच या आजाराची खूण आहे. गांजा पूर्ण थांबवणं हा त्यावरचा खरा उपाय, आणि उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तर ताबडतोब इस्पितळ.

थांबताना काय होतं

शेवटचं घेतल्यापासून एक ते तीन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, घाम, भूक न लागणं सुरू होतं. पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो. दोन आठवड्यांत बरंच निवळतं, झोप मात्र उशिरा जागेवर येते. हा त्रास जिवावर बेतत नाही. दारूही जोडीला असेल तर मात्र ती डॉक्टरांशिवाय एकदम तोडू नका, तिथे धोका खरा असतो.

तंबाखूचा विचार आधीच करा. आपल्याकडे जॉइंट बहुतेक वेळा सिगारेट रिकामी करून, तिच्या तंबाखूत गांजा मिसळून भरतात. गांजा सोडणाऱ्याची तल्लफ त्यामुळे पुष्कळदा निकोटिनची असते. निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल डॉक्टरांना विचारा. परीक्षेच्या किंवा घरातल्या लग्नाच्या आठवड्यात सुरुवात करू नका. रोलिंग पेपर, चिलीम, ओळखीच्याचा नंबर, हे सगळं आदल्या दिवशी घराबाहेर आणि फोनबाहेर काढा.

एक घसरण झाली तर वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवा.

मदत कुठे, आणि तिथले तुमचे हक्क

व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मोफत क्रमांक १४४४६ आहे. १९३३ हा क्रमांक प्रामुख्याने अमली पदार्थांची विक्री-वाहतूक कळवण्यासाठी आहे. दोन्हींत गोंधळ करू नका. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण आजही काम करतं आहे. बहुतेकांना दाखल होण्याची गरज नसते, हे आधी लक्षात घ्या. ओपीडीतल्या भेटी आणि समुपदेशनावर पुष्कळ जण बरे होतात.

दाखल व्हायचंच असेल तर केंद्र पारखून घ्या, कारण या क्षेत्रात मारहाण करणारी, कोंडून ठेवणारी केंद्रंही आहेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ व्यसनाच्या उपचारांनाही लागू होतो. त्यानुसार:

- केंद्राची नोंदणी असलीच पाहिजे. प्रमाणपत्र दाखवा म्हणा.
- साखळदंडाने बांधणं, अमानुष वागणूक यांना मनाई आहे.
- रुग्णाला घरच्यांशी संपर्क ठेवण्याचा हक्क आहे. "पहिला महिना फोन नाही, भेट नाही" असा सरसकट नियम सांगणाऱ्या केंद्रापासून परत फिरा.
- स्वतःहून दाखल झालेल्या सज्ञान रुग्णाला सुट्टी मागता येते. जिवाला धोका वगैरे मोजक्या परिस्थितीत डॉक्टर २४ तासांपर्यंत थांबवू शकतात.
- कायद्यात दिलेले अपवाद सोडता तुमच्या उपचारांची माहिती तुमच्या संमतीविना कुणाला देता येत नाही. "पोलिसांना कळेल" म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नका.

कायद्याबद्दल निर्णयापुरतं

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, आणि चरस म्हणजे त्याचा चीक. नुसती पानं, म्हणजे भांग, या व्याख्येत येत नाही. तिच्यावर राज्यांचे कायदे चालतात. उत्तर प्रदेशात किंवा राजस्थानात सरकारमान्य दुकान दिसतं म्हणून भांग महाराष्ट्रात आणू नका. इथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे.

एक किलोपर्यंत गांजा 'अल्प प्रमाण' धरला जातो. त्यामुळे "तेवढा चालतो" असा गैरसमज पसरला आहे. अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या सेवनालाही शिक्षा आहे. कुंडीत एक रोप लावणंसुद्धा लागवडच ठरते, आणि तिची शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. मित्रासाठी पुडी 'फक्त पोचवणं' हेही स्वतंत्र गुन्ह्यात मोडतं. अल्पवयीन मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पोलिसांनी अडवलं तर:

- अंगझडतीआधी जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी करण्याचा हक्क तुम्हाला आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची.
- अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे.
- वकिलाला भेटता येतं. परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००.
- न वाचता कशावरही सही करू नका. पळू नका, हुज्जत घालू नका, पैसे देऊ करू नका.

एनडीपीएस कायद्यातलं ६४-अ कलम घरोघरी माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. व्यसन जडलेल्या माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या आरोपाच्या खटल्यातून त्याला संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. अर्ज वकिलामार्फत करा आणि उपचारांचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

पुडी सापडलेल्या आईवडिलांनो

त्याच संध्याकाळी बोलू नका. एक रात्र जाऊ द्या. मग मुलाला शेजारी बसवून विचारा, "तुला यातून काय मिळतं रे?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. गुपचूप लघवीची तपासणी करू नका. रोज घेणाऱ्याने गांजा थांबवल्यानंतरही त्याची तपासणी कित्येक आठवडे 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. गांजा सोडलेल्या मुलाला तुम्ही खोटारडा ठरवाल.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

कॅनडात २०१८ पासून आणि जर्मनीत २०२४ पासून प्रौढांना मर्यादित प्रमाणात मुभा आहे, पण ती त्या सीमेच्या आतच. अमेरिकेतली राज्यं काहीही म्हणोत, तिथल्या केंद्रीय कायद्यात मनाई आहे आणि व्हिसा, ग्रीन कार्ड त्याच कायद्याने मिळतं. कॅलिफोर्नियात दुकानातून घेतलेल्या पाकिटाची कबुलीसुद्धा तिथे अडचणीची ठरू शकते. आखाती देशांत आणि सिंगापूरमध्ये तर वैद्यांनी दिलेलं तेलही सोबत नेऊ नका.

पहिल्या भेटीला जाताना

वही न्या, चालू औषधांची यादी न्या, आणि हवं तर एखादं विश्वासाचं माणूस न्या. "कधी कधी घेतो" असं सांगू नका. आठवड्यातले किती दिवस, दिवसातून किती वेळा, तंबाखू किती, दारू किती, हे आकड्यांत सांगा. मनात जगू नये असे विचार येत असतील तर ते सर्वांत आधी सांगा, बाकी सगळं मागाहून. बोलायला जड जात असेल तर वही उघडून त्यांच्यापुढे टेबलावर ठेवा.